बदकांच्या तळ्याचा पत्ता

कंडक्टरमामा निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांच्याकडून चामड्याची पिशवी, पितळी बिल्ला आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा परत घेतला. सवयी मात्र कुणी मागितल्या नाहीत, त्यामुळे त्या त्यांच्याकडेच राहिल्या. घरात चार माणसं एकदम स्वयंपाकघराच्या दारात आली की मामा अजून म्हणायचे, "पुढं सरका, आत जागा आहे." सगळे मिळून कुठं बाहेर निघाले की कुलूप लावून झाल्यावर ते दारावर बोटानं दोनदा टकटक करायचे. दोनदा म्हणजे निघा, एकदा म्हणजे थांबा. त्यांच्या बायकोच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा त्यांच्या हातून चुकून एकच टकटक झाली, तर ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर पिशवी घेऊन तशीच उभी राहिली.

मामा हे नाव त्यांना भाच्यांनी दिलं. गावी राहणाऱ्या बहिणीची मुलं मामा म्हणायची, ते ऐकून गल्ली म्हणायला लागली, गल्लीचं ऐकून अख्खं गाव. आणि या गावातला कुणीही पहिल्यांदा शहर बघायला निघाला की आधी शहरात राहणाऱ्या मामांना फोन करायचा. कारण अडतीस वर्षं ज्यानं शहराच्या प्रत्येक थांब्याचं नाव ओरडून सांगितलं, त्याच्याइतकं शहर कोणाला माहीत असणार?

"किती वेळ आहे?" मामांचा पहिला प्रश्न.

"दीड दिवस."

"गुडघे कसे आहेत?"

"कुणाचे?"

"जे येणार त्या सगळ्यांचे. एकेकाचे सांगा."

मग पायात काय घालून येणार ते विचारायचं. कुणी मोठ्या हौसेनं म्हणालं, "नवे बूट घेतलेत खास," की मामा म्हणायचे, "ते घरी ठेवा. शहर बघायचंय, बूट दाखवायचे नाहीत." एवढं झालं की ते कार्यक्रम सांगायचे आणि समोरच्यानं तो लिहून घ्यायचा. सकाळी उन्हातली ठिकाणं, दुपारी छपराखालची, संध्याकाळी पाण्याकाठची. दिवसाला तीन, त्याहून एकही जास्त नाही. वस्तुसंग्रहालयात सगळी दालनं बघायची नाहीत, डावीकडून सुरुवात करून पाय दुखले की बाहेर. घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायचं नाही, एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या आहेत आणि वर गेल्यावर डोळ्यांपुढं अंधारीच दिसते. पाण्याचा नळ दिसला की प्यायचं. आणि स्वच्छतागृह दिसलं की जाऊन यायचं, लागली असो वा नसो. हे शेवटचं कलम मामा वेळेसकट सांगायचे. नुकतंच लग्न झालेल्या एका जोडप्यालाही त्यांनी "दहा चाळीसला दोघांनी" असं फोनवर मोठ्या आवाजात बजावलं होतं. ती नवरी पुढं दोन वर्षं मामांसमोर मान वर करून बोलली नाही.

पण सल्ला खणखणीत असायचा. मामांच्या कार्यक्रमानं फिरलेला माणूस दमून आला, हरवला किंवा उपाशी राहिला असं कधी झालं नव्हतं. मागच्या वर्षी गावचा सुतार असाच येऊन गेला. सगळं वेळेवर बघितलं, पायाला एक फोड नाही, मोठ्या खुशीत परत गेला. आणि त्या सुतारानंच घोळ घातला.

त्याचं झालं असं. सुताराची बायको पिठाच्या गिरणीत रांगेत उभी होती आणि तिच्या पुढं मामांची मोठी बहीण. ताईंचं वय एकाहत्तर, अंगानं काटकुळ्या, चालणं ताठ, आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. सुतारीण म्हणाली, "आमचे हे जाऊन आले हो शहरात. ते घड्याळ बघितलं. पण तुम्ही सांगता तसं काही नाही त्यात. लोखंडी माणसं नाहीत की काही नाही. साधं घड्याळ."

"नीट बघितलं नसेल," ताई म्हणाल्या.

"अहो, अर्धा तास उभे होते. आणि बदकांचं तळं विचारलं, तर लोक हसले त्यांना."

ताईंनी पिठाचा डबा तिथंच ठेवला, घरी आल्या आणि फोन लावला. "बारक्या, मी येतेय."

मामा साठी ओलांडलेले, अंगानं भरभक्कम, डोक्याला टक्कल. पण पाच भावंडांत सगळ्यांत धाकटे, म्हणून ताईंसाठी ते बारक्याच होते. फोन ठेवल्यावर मामांचा आनंद खोलीत मावेना. एवढ्या लोकांना शहर दाखवलं, पण सख्खी बहीण कधी आली नव्हती. आधी तिची मुलं लहान, मग गुरं, मग नातवंडं. आता येणार तीही दीडच दिवस.

ताई का येतेय, हे मात्र मामांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तयारीला हात घातला. पंधरा दिवस आधी रंगीत तालीम ठरवली. बायकोला म्हणाले, "तू ताई आहेस असं समज आणि जरा हळू चाल."

"मी माझ्या चालीनं चालले तरी तुमच्यापेक्षा हळूच असते," ती म्हणाली. "मागं वळून बघितलंत कधी तर कळेल."

तालमीत सकाळचा भाग झकास झाला. दुपारी मात्र गाडं अडलं. वस्तुसंग्रहालयात तासभर ठरला होता, पण मामी जुन्या दागिन्यांच्या दालनात शिरली ती बाहेर येईना. मामा घड्याळ दाखवत होते, ती एका कंबरपट्ट्यासमोर उभी. "ताई एवढा वेळ थांबणार नाही," मामा कुजबुजले. "ताईंचं ताई बघतील," मामी म्हणाली. "पस्तीस वर्षं या शहरात राहिले. तुमच्या डब्याची वेळ सोडली तर काही बघितलं नाही मी. आता बघू द्या." तिथंच अडीच तास गेले. घरी येताना ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दोघंच जा. मी ताई होऊन सगळं बघितलं, आता खऱ्या ताईंना बघू द्या."

ताई सकाळच्या गाडीनं आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, पायात झिजून मऊ झालेल्या चपला. चपला बघून मामांचा जीव भांड्यात पडला. घरी चहा झाल्यावर त्यांनी कार्यक्रमाचा कागद पुढं सरकवला. मोठ्या अक्षरात लिहिलेला, खाली लाल रेघा. ताईंनी तो उचलला, वाचला आणि त्यावर गरम कप ठेवला.

"सुताराला सांगितलास तोच ना हा?"

"त्याच्यापेक्षा चांगला आहे."

"मला हे नको. मला बाराच्या ठोक्याला बाहेर येणारी लोखंडी माणसं बघायची आहेत. चालणारा रस्ता बघायचाय. आणि नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरचं बदकांचं तळं. तीनच आहेत बघ, तुझ्या नियमात बसतात."

मामा कपातला चहा बशीत ओतत होते, ते ओततच राहिले.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस वर्षांचा बारक्या शहरात आला आणि दर आठवड्याला घरी पत्र लिहायला लागला. घड्याळाच्या मनोऱ्यातून बारा वाजता बारा लोखंडी माणसं बाहेर येतात आणि सलाम ठोकतात, त्या घड्याळाचा काटा आपल्या घराच्या आढ्याएवढा आहे. एक रस्ता आहे तो स्वतःच चालतो, आपण नुसतं उभं राहायचं. गच्चीवर तळं आहे, तळ्यात बदकं आहेत, आणि सकाळी ती कठड्यावर येऊन खालची गर्दी बघतात. सगळी पत्रं त्यानं मनानं रचली होती. आईवडलांना वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र ताई वाचायच्या, तेही ओसरीवर, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं. मग ते पाठ व्हायचं, मग शेजारच्या गावात जायचं. बारक्या विसरून गेला. ताईंनी त्यातला एक शब्द सांडला नव्हता.

"अहो, चहा सांडतोय," मामी म्हणाली.

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं, असं मामांना पुढं कितीतरी वेळा वाटलं. पण अडतीस वर्षं ज्यानं कुणाला चुकीचा थांबा सांगितला नाही, त्याच्या तोंडून ते निघेना. त्यांनी ताईंची छत्री त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल."

बाराला दहा कमी असताना दोघं मनोऱ्यासमोर उभी. ताईंनी चष्मा पुसला. बारा वाजले. ठणठण बारा ठोके पडले. एक कबुतर उडालं आणि परत त्याच जागी येऊन बसलं.

"कुठं आहेत?"

"दुरुस्तीला नेलीत," मामांच्या तोंडून निघून गेलं.

"बाराच्या बारा?"

"एकदम नेतात. रंग द्यायला."

ताईंना असल्या बाबतीत भावाच्या एकट्याच्या शब्दावर समाधान नव्हतं. शेजारी वर्तमानपत्रं विकणारा म्हातारा टपरीत बसला होता. त्याला त्यांनी विचारलं, "काय हो, ती लोखंडी माणसं कधी परत येणार?"

म्हातारा ताईंकडं बघतच राहिला. ताईंच्या मागं उभे राहून मामा दोन्ही हात जोडत होते, डोळे मिचकावत होते, मान हलवत होते. म्हाताऱ्याला काय कळलं कोण जाणे, पण माणूस रसिक निघाला.

"ती होय! येतील पुढच्या महिन्यात. पण आता अकराच येतील. एकाचा पाय मोडला."

"अरेरे," ताई म्हणाल्या आणि त्या लोखंडी माणसासाठी खरोखर हळहळल्या. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून चौदा नंबरच्या बसनं ताईला सरळ नदीकाठी न्यायचं आणि होड्या दाखवून बाकीच्याचा विसर पाडायचा, असा बेत मामांनी मनाशी केला. पण चौदा नंबर येईना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी बाजूला उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "काका, चौदा नंबर बंद होऊन वर्ष झालं. जमिनीखालून जा ना, ही काय पायरी."

जमिनीखालची आगगाडी! मामांनी आजवर तिच्यात पाय ठेवला नव्हता. बसच्या माणसानं त्या गाडीत बसणं म्हणजे सासर सोडून सवतीच्या घरी जेवायला जाणं, असं डेपोतले सगळे मानायचे. पण ताई एव्हाना चार पायऱ्या उतरल्याही होत्या. खाली एक लांबच लांब बोगदा लागला, आणि त्याच्या मधोमध जमिनीचा एक काळा पट्टा आपला आपण पुढं सरकत होता. त्यावर माणसं नुसती उभी होती आणि पुढं जात होती.

मामांनी आधी पट्ट्याकडं बघितलं, मग ताईंकडं.

"बारक्या!" ताई इतक्या जोरात ओरडल्या की पट्ट्यावरची सगळी माणसं मागं वळली. "चालतोय रे रस्ता!"

त्यांनी छत्री काखेत मारली आणि पट्ट्यावर उडी घेतली. पलीकडच्या टोकाला गेल्या, दुसऱ्या पट्ट्यानं परत आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्या एका अनोळखी बाईला सांगत होत्या, "माझ्या भावानं एक्केचाळीस वर्षांपूर्वी पत्रात लिहिलं होतं हे. लोकांना खोटं वाटलं." पाचव्या खेपेला मामाही त्यांच्या शेजारी उभे होते, हात मागं बांधून, छाती पुढं काढून. हा रस्ता आपण तेव्हा खरंच बघितला असणार, असं आता त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं.

म्हणजे नशीब बाजूनं आहे, असं त्यांनी धरलं आणि तिथंच ते फसले. वर आल्यावर समोर एक उंच जुनी इमारत दिसली. मजले मोजले तर नेमके नऊ.

"ही बघ ती," मामा झोकात म्हणाले. "पण तळं बुजवलं त्यांनी."

"का?"

"गळत होतं. खालच्या लोकांच्या अंथरुणावर."

"आणि बदकं?"

बदकांचा विचार मामांनी केला नव्हता. "नेली."

"कुणी नेली?"

"महानगरपालिकेनं."

बोलून गेल्यावर त्यांना रस्त्यापलीकडची पाटी दिसली. तीच ताईंनाही दिसली. महानगरपालिका, विभाग कार्यालय, नागरिक तक्रार कक्ष.

"ताई, अगं दुपारची वेळ आहे, त्यांची जेवणं असतील..."

"जेवू देत. जेवताना सांगू."

आत तक्रारीच्या खिडकीपाशी एक तरुण कारकून बाई बसली होती. चष्मा नाकावर, समोर छापील अर्जांचा गठ्ठा. ताईंनी सगळं व्यवस्थित सांगितलं. नऊ मजली इमारत, गच्चीवरचं तळं, मुकी जनावरं, आणि एवढ्या मोठ्या शहराच्या लोकांना लाज वाटत नाही का. मामा बाजूच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांची पाचावर धारण बसली होती.

कारकून बाईनं सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं पेन उघडलं. "आजी, अर्जात प्रकार लिहावा लागतो. रस्ते, गटारं, दिवे, झाडं, अनधिकृत बांधकाम, भटके प्राणी, इतर. तळं बांधकामात धरू का?"

"धर."

"आणि बदकं भटके प्राणी होतील का?"

"भटकी कशी होतील? त्यांचं तळं होतं की."

"बरोबर आहे तुमचं," कारकून बाई म्हणाली. "मग त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करू, 'इतर'मध्ये. बदकं किती होती?"

ताई मागं वळल्या. "बारक्या, किती होती रे?"

बाई पेन रोखून बघत होती. रांगेतली सात-आठ माणसं बघत होती. ताई बघत होत्या, अगदी भाबड्या नजरेनं, भाऊ आकडा सांगणार याची खात्री असलेल्या.

"एकही नव्हतं, ताई."

"काय?"

"बदकं नव्हती. तळं नव्हतं. लोखंडी माणसं नव्हती. मी थापा मारल्या."

कारकून बाईनं पेनाला टोपण लावलं. अर्ज हळूच गठ्ठ्यावर परत ठेवला आणि म्हणाली, "पुढचे कोण?"

बाहेर व्हरांड्यात एक बाक होता. ताई एका टोकाला बसल्या, मामा दुसऱ्या टोकाला, मध्ये छत्री. ताई रागावल्या की भांडायच्या, हे मामांना माहीत होतं. पण आता त्या नुसत्या पदरानं चष्मा पुसत होत्या आणि त्यानं मामांना जास्त धास्ती वाटत होती.

"मी त्या सुतारणीला काय काय बोलले माहितेय तुला?" ताई अखेर म्हणाल्या. "गिरणीत, एवढ्या लोकांसमोर."

"चुकलं माझं."

"आई गेली तोवर विचारायची, बदकांना पिल्लं झाली का."

मामांनी मान खाली घातली. मग तशीच खाली घालून बोलायला लागले. "तेव्हा काही बघितलंच नव्हतं ग मी. डेपोच्या वरच्या हॉलमध्ये झोपायचो. चौदा जण, मधून चालायलाही जागा नाही. पहाटे चारला उठायचं ते थेट बसमध्ये. अख्खा दिवस पाठमोऱ्या माणसांत. शहर दिसायचं ते त्यांच्या बगलेतून, वीतभर. खूप रडू यायचं. तसं लिहिलं असतं तर आईनं दुसऱ्या दिवशी परत बोलावलं असतं. मग काय लिहिणार? सुचेल ते लिहीत गेलो. आणि तुम्हाला आवडतंय म्हटल्यावर हात थांबेना."

ताईंनी छत्री उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि थोड्या जवळ सरकल्या.

"आहे का तो हॉल अजून?"

"असेल. पण तिथं बघण्यासारखं काय आहे?"

"ते मी ठरवीन. चल."

डेपोच्या फाटकातून आत शिरताच डिझेलचा वास आला आणि मामांचं पोट आत ओढलं गेलं, पाठ ताठ झाली. हातपाय काळे झालेला मेस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. "अरे, मामा! आज इकडं कुठं?" बहीण आहे म्हटल्यावर त्यानं हात पुसून पुन्हा पुसला आणि दुरूनच नमस्कार केला. वरच्या हॉलची किल्लीही त्यानंच आणून दिली.

हॉलमध्ये आता कुणी राहत नव्हतं. बसमध्ये विसरलेल्या वस्तू तिथं ठेवत होते. छत्र्याच तीन-चारशे असतील. शिवाय डबे, कुबड्या, एका पायाचे बूट, आणि एक पितळी घंगाळं, जे बसमध्ये विसरून उतरणारा माणूस कसा असेल ते कुणालाच कळलं नव्हतं. मामांनी कोपऱ्यात खिडकीखालची जागा दाखवली. "इथं मी झोपायचो. इथंच बसून लिहायचो." ताईंनी त्या जागेवरच्या छत्र्या बाजूला केल्या आणि जमिनीवर बसल्या. खिडकीकडं बघितलं. बाहेर नुसती भिंत होती, ओल आलेली.

"इथून तुला बदकं दिसली होय रे," त्या म्हणाल्या. "भारीच डोकं आहे की तुझं."

मामांना हसावं की डोळे पुसावे कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं आणि वर जोरात नाक शिंकरलं.

खाली आल्यावर फाटकाशी एक बस उभी होती. ताईंना कंडक्टरची जागा बघायची होती, म्हणून मामांनी त्यांना मागच्या दारानं चढवलं. ही माझी सीट, ही घंटीची दोरी. तेवढ्यात मेस्त्रीनं चहा आणला म्हणून मामा खाली उतरले. ताईंनी दोरी बघितली, आजूबाजूला बघितलं, आणि ओढली. बरा आवाज आला, म्हणून पुन्हा ओढली.

पुढं स्टिअरिंगवर डोकं टेकून ड्रायव्हर आपल्या कंडक्टरची वाट बघत बसला होता. दोन घंट्या ऐकल्या आणि त्यानं मागं न बघता गाडी काढली.

मामांच्या हातातला चहा मेस्त्रीच्या अंगावर गेला. बस फाटकाबाहेर पडली होती. "ताई, एकदा!" मामा धावत सुटले. "एकदाच वाजव!" ताईंना एवढंच कळलं की बारक्या वाजव म्हणतोय. त्यांनी दोनदा वाजवली. ड्रायव्हरनं गिअर बदलला.

टॅक्सी मिळेपर्यंत आणि टॅक्सीवाल्याला "त्या बसच्या मागं" हे पटवेपर्यंत बस दोन थांबे पुढं गेली होती. तिसऱ्या थांब्यावर मामांनी तिला गाठलं. आत बघतात तर बस अर्धी भरलेली. ताई कंडक्टरच्या सीटवर बसलेल्या, पिशवी मांडीवर. प्रवाशांनी त्यांना खिडकीतून बाहेर बघत बसलेली तपासनीस समजून आदरानं जागा सोडली होती. समोर पाठीवर मोठी पिशवी घेतलेलं एक तरुण जोडपं त्यांना विचारत होतं, "आजी, एकच दिवस आहे आमच्याकडं. काय बघू?"

"घड्याळ बघू नका, साधंच आहे," ताई सांगत होत्या. "जमिनीखालचा चालता रस्ता बघा, पाच वेळा तरी जा त्यावर. आणि काय बघितलं ते घरी खरंखरं सांगा."

ड्रायव्हर मामांना नंतर म्हणाला, "मला वाटलं नवीन बाई आल्या कामावर. घंटी अगदी खणखणीत मारत होत्या हो." त्याचा खरा कंडक्टर एव्हाना डेपोत कपाळाला हात लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशीचा अर्धा दिवस मामांनी ताईंवर सोपवला. ताईंनी तो मामीवर सोपवला. दोघी सकाळीच वस्तुसंग्रहालयात गेल्या, मामांना न घेता. गाडीला तासभर उरला तरी परतल्या नाहीत. मामा खिडकीतून दाराशी आणि दारातून खिडकीशी अशा फेऱ्या मारत होते. शेवटी दोघी आल्या त्या हसत हसत, चपला हातात घेऊन. "कंबरपट्टा बघितला," ताई म्हणाल्या. "वहिनीला शोभला असता." गाडी जेमतेम मिळाली, ताई चालत्या डब्यात चढल्या आणि छत्री फलाटावरच राहिली.

गावी गेल्यावर ताईंनी काही लपवलं नाही. गिरणीत गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुतार खरं बोलत होता. लोखंडी माणसं नाहीत, बदकंही नाहीत." सुतारीण खूश झाली. मग ताई म्हणाल्या, "पण रस्ता चालतो. आणि मी अख्खी बस चालवायला लावली, तीन थांबे." त्या रात्री सुतार जेवला नाही म्हणतात. मागच्या वर्षी त्याला बसमध्ये उभं राहून जावं लागलं होतं.

आठ दिवसांनी ताईंचा फोन आला. "बारक्या, आता तुम्ही दोघं या. अकरा वर्षं झाली तुला येऊन."

"किती दिवस?" मामांनी विचारलं.

"आठ."

"कार्यक्रम काय आहे?"

"काही नाही. बसायचं."

मामांना ते पटलं नाही, पण गेले. पहिला दिवस बसले. दुसरा दिवस बसले. तिसऱ्या दिवशी ते फाट्यावर जाऊन उभे राहिले. गावात बस दिवसातून दोनदाच यायची, सकाळी आणि दुपारी. दुपारची थांबल्यावर मामा ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि मनगटावर बोट ठेवून म्हणाले, "सात मिनिटं उशीर आहे तुम्हाला. सकाळच्या गाडीला नऊ होता."

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "आजोबा, तुम्ही कोण?"

"बारक्या आहे तो, माझा धाकटा भाऊ," मागून ताई येत म्हणाल्या. त्यांच्या मागं मामीही होती. "त्याला जरा पुढच्या गावापर्यंत नेऊन आण. घरात नुसता येरझाऱ्या घालतोय."